आमच्याकडे कुणी घोरत नाही

गाद्यांच्या गल्लीत दुपारी दोन ते चार या वेळात गादीवाला झोपायचा आणि त्याच्या झोपेवर दुकान चालायचं. शेजारचे दुकानदार हे जळून म्हणायचे, पण खोटं म्हणत नव्हते. दुकानाच्या दर्शनी भागात नमुन्याचा पलंग, पलंगावर सगळ्यात जाड गादी, आणि गादीवर खुद्द मालक, दोन्ही हात पोटावर ठेवून जगाशी सगळे संबंध तोडलेला. रस्त्याने जाणारं गिऱ्हाईक थबकायचं, त्या चेहऱ्याकडे हेव्याने बघायचं आणि म्हणायचं, "हीच द्या."

अडचण एकच. मालक घोरायचा. तेही साधंसुधं नाही. आधी करवत, मग चढत चढत ट्रक घाटात, आणि मग एकदम काहीच नाही. करवतीला गिऱ्हाईक हसायचं, ट्रकलाही हसायचं, पण त्या काहीच-नाहीला त्याचं तोंड उतरायचं. एक बाई तर "अहो, हे गेले की काय?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता, निवडलेली गादी तशीच टाकून निघून गेली होती.

म्हणून पलंगाच्या उशाशी गादीवालीचं स्टूल असायचं. मांडीवर गादीचं टोक, उजव्या हातात दाभण, कान नवऱ्याकडे. ट्रक घाटाला लागला की ती दाभण कापडात खोचायची, दोन्ही हातांची बोटं नवऱ्याच्या कानांखाली जबड्याच्या कोपऱ्यांना लावायची आणि जबडा अलगद पुढे उचलायची. डोकं जरासुद्धा हलवायचं नाही, कारण गादीवाल्याची मान आखडलेली होती आणि मागे वळवली की तो झोपेतही शिव्या द्यायचा. जबडा पुढे आला की आवाज बंद आणि श्वास सुतासारखा सरळ. एकतीस वर्षांत तिने हे इतक्या वेळा केलं होतं की गिऱ्हाइकाला कापूस दाखवता दाखवता तिचे हात आपसूक तिकडे जायचे.

आत काय होतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. झोपलेल्या माणसाची जीभ मागे पडते आणि वाट अडवते, एवढं ती बघून बघून शिकली होती. आणखी एक गोष्ट तिला ठाऊक होती, जी ऐकायला उफराटी वाटते: आवाज थांबला म्हणजे बरं झालं असं नव्हे. पोट हलतंय, पण नाकाजवळ गाल नेला तर वारा लागत नाही, असंही असतं. त्यामुळे तिचा एक डोळा नवऱ्याच्या पोटावर आणि एक गाल कामाला तयार असे. असा संसार.

तिला दोन दुःखं होती. पहिलं, तिचं आवडतं दाभण चार वर्षांपूर्वी हरवलं होतं. समोरच्या उशीवाल्याने ते लांबवलं असा तिचा पक्का संशय होता, आणि तो ती त्याच्या देखत, त्याचं नाव न घेता, आठवड्यातून एकदा तरी बोलून दाखवायची. दुसरं दुःख म्हणजे विहीणबाई.

लेकीच्या लग्नात जेवणं झाल्यावर गादीवाल्याने कार्यालयातल्या दोन खुर्च्या जोडल्या आणि दोनाचे चार वाजेपर्यंत आपला नेम पाळला. अख्खं कार्यालय बोलायचं थांबून ऐकत राहिलं. विहीणबाईंनी, म्हणजे मुलाच्या आईने, ते पूर्ण ऐकून घेतलं आणि सगळ्यांना पोचेल अशा बेताने म्हटलं, "आमच्याकडे कुणी घोरत नाही."

बस, एवढंच. पण या वाक्यावर चार वर्षं दोन्ही घरांत अबोला चालला. अबोला म्हणजे अगदी तोंडाला कुलूप नाही. बोलणं सगळं लेकीमार्फत. दोघी एका खोलीत, हाताच्या अंतरावर, आणि मध्ये लेक. "तुझ्या आईला सांग, चहात साखर कमी आहे." "तुझ्या सासूबाईंना सांग, डबा त्यांच्या कोपराशीच आहे." लेक बिचारी टपाल खात्यात असल्यासारखी दोन्हीकडून घ्यायची आणि निम्मं वाटेत हरवायची. म्हणून तर चार वर्षं निभावलं.

यात भर म्हणजे लग्नात दिलेली गादी. ती टोचते, असं विहीणबाईंचं पहिल्या महिन्यापासूनचं म्हणणं होतं. गादीवालीच्या मते गादी टोचत नव्हती, माणूस टोचत होता.

दोन महिन्यांपूर्वी गल्लीत आपत्तीचं शिबिर झालं होतं. घेणारे शिट्टीमास्तर, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले, गळ्यात अजूनही शिट्टी. त्यांनी चार रंगांच्या फिती आणल्या होत्या. ज्याला आधी न्यायचं त्याला लाल, जरा थांबू शकतो त्याला पिवळी, सगळ्यात शेवटी हिरवी, आणि ज्याचं काही उरलं नाही त्याला काळी. शेवटच्या रांगेतून गादीवालीने हात वर केला होता.

"मास्तर, माणूस शुद्धीवर नाही पण घोरतोय, तर कुठली फीत?"

"काकू, घोरतोय म्हणजे मजेत आहे. पुढे चला."

गल्ली पोट धरून हसली होती. उशीवाला जरा जास्तच हसला होता.

तर एका दुपारी, नुकतेच दोन वाजून गेले असताना, विहीणबाई ती टोचणारी गादी परत करायला गल्लीत अवतरल्या. गादी हातगाडीवर आणि हातगाडी जावयाच्या हाती. जावयाने गादी दुकानाच्या पायरीशी टाकली, सासूकडे न बघता "गाडी परत करून येतो" म्हणाला आणि कोपऱ्यावर पळाला. शहाणा माणूस. विहीणबाई रस्त्याच्या मध्यावर उभ्या राहिल्या. निरोप न्यायला आज लेक नव्हती, त्यामुळे कोणाकडे बघून बोलायचं हे त्यांचं ठरेना. शेवटी त्यांनी उशीवाल्याकडे तोंड केलं आणि गादीवालीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "काही लोकांना कापूस आणि काटे यातला फरक कळत नाही."

गादीवाली उत्तर जुळवत होती, आणि चांगलं जुळत होतं, तेवढ्यात जमीन हलली.

दहा-बारा सेकंद हलली असेल. समोरच्या जुन्या इमारतीचा दगडी कठडा खाली आला, पाट्या आल्या, तारा लोंबल्या आणि गल्ली धुळीने भरून गेली. गादीवालीने आधी नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या अंगावर छताचा चुना पडला होता, पण छत जागेवर होतं आणि करवत चालू होती. त्याचा हिशोब मिटला. मग ती बाहेर आली.

उशीवाल्याच्या दुकानावर लाकडात कोरलेली सहा फुटी उशी होती, गल्लीची शान. ती आता रस्त्यावर पडली होती आणि तिच्या कडेला विहीणबाई पडल्या होत्या.

गल्लीने त्या दिवशी कमाल केली, हे कबूल करायला हवं. कुणी कुणाची वाट पाहिली नाही. जखमींना धोक्याच्या भिंतींपासून काढून रस्त्याच्या मोकळ्या टोकाला आणलं. गाद्यांना तर तोटाच नव्हता. आणि उशीवाल्याने, आपली लाकडी उशी कुणावर पडली हे बघून पांढरा पडलेल्या त्या माणसाने, गोदामातल्या सगळ्यात मऊ उशा काढल्या आणि प्रत्येक जखमीच्या डोक्याखाली एक एक दिली. विहीणबाईंना अपराधी मनाने दोन. छाप दुकानाची वरच्या बाजूला होती, पण ते बहुधा सवयीने झालं असावं.

शिट्टीमास्तर फिती घेऊन रांगेतून फिरू लागले. जो जास्त ओरडेल त्याला लाल. एका कापडवाल्याचा अंगठा चेचला होता आणि त्याचा आवाज दोन गल्ल्यांपलीकडे जात होता. पहिली लाल त्याला आणि इस्पितळाची पहिली गाडीही त्यालाच. काळी फीत एकालाच लागली, कठड्याखाली सापडलेल्या जुन्या हमालाला. त्याच्याबद्दल थट्टा करायची नाही.

मास्तर विहीणबाईंपाशी आले, वाकले. डोळे मिटलेले, हाकेला ओ नाही, पण घशातून चांगला खणखणीत आवाज. मास्तरांचा चेहरा उजळला.

"यांना धक्क्याने झोप लागलीय," ते म्हणाले आणि हिरवी फीत बांधून पुढे गेले.

गादीवाली चार पावलांवर उभी होती. पहिला विचार तिच्या मनात आला तो काही फार थोर नव्हता. तो असा होता: आमच्याकडे कुणी घोरत नाही म्हणे. चार वर्षं वाट बघितलेलं वाक्य आयतं हातात आलं होतं, ऐकायला अख्खी गल्ली होती. तिने ते चवीने एकदा मनात फिरवलं. मग तिच्या कानाने बाकीचं ऐकलं. करवत. ट्रक. चढ. आणि काहीच नाही.

तिने मोजलं. नवऱ्याचं काहीच-नाही ती पाचच्या पुढे जाऊ द्यायची नाही. इथे सात झाले. विहीणबाईंचं पोट ओढल्यासारखं हलत होतं, ओठांचा रंग जांभळाच्या सालीकडे झुकला होता, आणि दोन मऊ उशांनी मान अशी पुढे दुमडली होती की हनुवटी छातीला टेकलेली.

ती धावली आणि तिने दोन्ही हातांत ते डोकं जसं होतं तसं पेललं. "उशा ओढा," ती उशीवाल्याला म्हणाली. तो बघतच राहिला, तेव्हा तिने गुडघ्यानेच उशा ढकलून दिल्या. मग डोकं सरळ रेषेत खाली टेकवलं, उशाशी बसली, डोकं दोन्ही गुडघ्यांमध्ये धरलं आणि तोंड उघडून आत पाहिलं. आत चार दातांची एक कवळी आडवी होऊन मागे सरकत होती.

विहीणबाईंना कवळी आहे हे सुनेला माहीत नव्हतं. मुलाला माहीत नव्हतं. गल्लीला कळतं तर महिनाभर पुरलं असतं. गादीवालीने दिसत होती ती कवळी दोन बोटांनी बाजूने उचलली आणि कुणी बघायच्या आत कमरेच्या दाभणांच्या बटव्यात टाकली. मग बोटं कानांखाली, जबड्याच्या कोपऱ्यांना, आणि जबडा पुढे.

भस्सकन वारा आत गेला.

आता हे सगळं बाहेरून कसं दिसलं ते बघा. चार वर्षांची हाडवैरीण धावत येते, बेशुद्ध विहिणीच्या डोक्याखालच्या उशा लाथाडते, तोंडात बोटं घालते आणि गळ्यापाशी दोन्ही हातांनी धरते. गल्लीने जे समजायचं ते समजलं.

"अहो काकू, ही काय वेळ आहे का?" उशीवाला म्हणाला.

"काकू, त्यांना हिरवी आहे," मास्तर लांबून म्हणाले. "झोपू द्या त्यांना."

आणि नेमका तेव्हाच जावई कोपऱ्यावरून धावत आला. तो आईलाही आई म्हणायचा आणि सासूलाही आई, त्यामुळे त्याचं बोलणं ऐकणाऱ्याला जरा अवघड गेलं.

"आई, आईला सोडा."

"सोडलं तर जाईल ती," गादीवाली म्हणाली.

"तुम्ही तिचा गळा धरलाय."

"जबडा धरलाय. गळा खाली असतो."

जावयाने तिचं मनगट पकडलं. उशीवाला दुसऱ्या बाजूने सरसावला. गादीवालीला एक क्षण खरोखर भीती वाटली. आपल्याला काय म्हणतील याची नव्हे. हे दोघे मिळून आपले हात सोडवतील, बाईला पुन्हा उशी देतील, पांघरूण घालतील, आणि ती हिरव्या फितीसकट सभ्यपणे मरेल, याची.

"जावईबापू," ती म्हणाली, "दोन मिनिटं माझ्यावर विश्वास ठेवू नका. फक्त तुमचा गाल इथे आणा. तिच्या नाकाशी. आणि नजर छातीकडे ठेवा."

तिचा आवाज इतका दुकानातला होता की तो वाकला.

"वारा लागतोय?"

"हो."

"आता बघा." तिने बोटं सैल केली. घशात करवत सुरू झाली, चढली, थांबली. "छाती हलतेय?"

"हलतेय."

"वारा?"

त्याने गाल आणखी जवळ नेला. मग एकदम म्हणाला, "नाहीये. आई, वारा नाहीये."

तिने जबडा पुन्हा उचलला. ऊन श्वास त्याच्या गालावर आला. लहानपणानंतर तो आईच्या तोंडाच्या इतक्या जवळ कधी गेला नसावा. त्याला रडू फुटलं.

"रडा, पण गाल हलवू नका," सासू म्हणाली. "घड्याळ लावा आणि मोजा. मिनिटाला किती ते मला सांगत राहा. आणि मास्तर, ती हिरवी सोडा."

शिट्टीमास्तरांनी स्वतः गुडघे टेकून गाल लावून पाहिला. मग खिशातून लाल फीत काढली. गाठ मारताना ते हळूच म्हणाले, "शिबिरात तुम्ही विचारलं होतं."

"विचारलं होतं."

मग ते उठले आणि रांगेतल्या प्रत्येकाकडे परत गेले, आधी गप्प पडलेल्यांकडे. जो बेशुद्ध होता त्याच्या डोक्याखालची उशी काढून घेतली, गाल लावला, छाती पाहिली. एका पोरसवदा हमालाची पिवळी फीत लाल झाली आणि त्याच्या उशाशी त्यांनी न्हाव्याला बसवलं; लोकांचे जबडे धरायची सवय गल्लीत आणखी कुणाला असणार?

दुसरी गाडी यायला एक तास आणि चाळीस मिनिटं लागली. वाटेत झाड आडवं होतं. एवढा वेळ गादीवाली तिथेच. जावई मोजत होता: सोळा, अठरा, सोळा. मध्येच बावीस झाले आणि विहीणबाईंना उलटीचा उमाळा आला. तेव्हा मात्र मास्तरांनी जन्माचं सार्थक केलं. चार माणसं लावली, एक खांद्याला, एक कमरेला, एक पायाला, चौथा पाठीशी, गादीवालीकडे डोकं, आणि शिट्टीवर सगळ्यांनी मिळून बाईंना एका कुशीवर अशा वळवल्या की मान तसूभर वाकडी झाली नाही. तोंड रिकामं झालं, पुसलं, जबडा पुन्हा हातात.

बोटांना मुंग्या आल्या तेव्हा उशीवाला म्हणाला, "काकू, मी धरतो थोडा वेळ." तिने त्याला जागा दाखवली. त्याने धरलं आणि करवत सुरू झाली.

"सोडा," ती म्हणाली. "तुम्ही उशा करा."

पण त्याने मग तिच्या पाठीला आपली पाठ लावली आणि तिला टेकू देऊन बसला. तासभर बसला. दाभणाचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

गाडीतून उतरलेल्या नर्सने एक नजर टाकली आणि सरळ पिशवी उघडली. तोंडात वाकडी नळी बसवली, वर प्राणवायूचा मास्क लावला, मानेला पट्टा.

"अशाच धरून गाडीत चला," ती म्हणाली. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

गादीवालीने हनुवटीने दुकानाकडे खूण केली. नमुन्याच्या पलंगावर पांढरी धूळ आणि धुळीखाली मालक.

"ते डॉक्टर आहेत?"

"नाही. झोपलेत."

गादीवाला चारला उठला. आज हनुवटी कुणी धरली नाही, म्हणून आपल्याच आवाजाने दोनदा जाग आली, अशी त्याची तक्रार होती. मग त्याने रस्त्याकडे पाहिलं.

विहीणबाई तीन आठवड्यांनी घरी आल्या. डोक्याला टाके, मानेला पट्टा, बाकी सगळ्या जागच्या जागी. भेटायला येणाऱ्यांना, तोंडावर रुमाल धरून, त्या हकिगत सांगायच्या. "दीड तास माझा जबडा धरून बसली. अजून ठणकतोय. एक शब्द बोलू दिला नाही मला." ऐकणारे गंभीरपणे मान हलवायचे आणि जिन्यात गेल्यावर म्हणायचे की दीड तास म्हणजे थोडं कमीच झालं. आणि कुणी घोरण्याचा विषय काढलाच, तर विहीणबाई नाकाने कांदे सोलायच्या. त्यांच्या घराण्यात तसं काही नव्हतं. धुळीचा आवाज असेल.

"आई, त्या हसत नाहीत आता," लेक माहेरी येऊन म्हणाली. "सारखा रुमाल. जबडा सुजलाय म्हणतात. आणि कपाटं उचकत असतात, काय शोधतात ते सांगत नाहीत."

गादीवालीने बटव्यावर हात ठेवला. एरवी काहीही द्यायचं, म्हणायचं असलं की लेक होती. चार वर्षांत पहिल्यांदा असं काही हाताशी आलं होतं जे लेकीबरोबर धाडता येत नव्हतं.

ती स्वतः गेली. विहीणबाई पलंगावर भिंतीला टेकून होत्या, रुमालासकट. गादीवालीने लेकीला सांगितलं, "जा, पाणी आण. गाळून आण." लेक गेली. मग बटव्यातून गादीच्या पट्टेरी कापडाची एक घडी काढून तिने विहीणबाईंच्या मांडीवर ठेवली.

विहीणबाईंनी घडी उघडली. मग भिंतीकडे तोंड केलं, आणि वळल्या तेव्हा रुमाल खाली होता.

"कुणी पाहिलं?"

"मी."

"आणखी?"

"आणखी कुणी नाही."

बाहेर भांड्याचा आवाज आला. विहीणबाईंनी चादरीची सुरकुती सरळ केली.

"मी घोरत नव्हते," त्या म्हणाल्या.

"नव्हता."

"लोक म्हणतात."

"लोकांना काय माहीत? मी तिथे होते."

"मग काय करत होते मी?"

गादीवालीने जरा विचार केला. "श्वास घेत होतात. थोडा मोठ्याने."

विहीणबाईंनी हे तपासून पाहिलं, खोट सापडली नाही. मग, कुणाचं काही ठेवायचं नाही या स्वभावाप्रमाणे, त्या म्हणाल्या, "पण गादी टोचते हे खरंच होतं."

गादीवालीने पुन्हा बटव्यात हात घातला. परत आलेली गादी तिने आदल्या दिवशी चांगल्या उजेडात, दार लावून उसवली होती. आतून जे निघालं ते तिने पलंगावर, दोघींच्या मधोमध ठेवलं. दाभण. चार वर्षांचा गंज चढलेलं, टोक मात्र शाबूत.

दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात लेक पेला घेऊन दारात आली. विहीणबाईंनी दाभणावर रुमाल टाकला, मान पट्ट्यात होती तेवढी ताठ केली आणि सुनेकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, उभ्या का आहेत? बसा म्हणावं."